विश्लेषण : नोंदी शंभर दिवसांच्या, पुरावा मात्र पाचच दिवसांचा? आकडेवारीवरची ‘कालची सावली’ कशी ओळखतात?

दोन आलेख एकत्र वर चढताना दिसले की ‘याच्यामुळेच ते घडले’ असा मजकूर काही मिनिटांत मोबाइलवर फिरू लागतो. पण तापमान, धरणसाठा, विजेची मागणी किंवा भाजीचा भाव अशा रोज नोंदल्या जाणाऱ्या आकड्यांत आजचा आकडा बराचसा कालच्या आकड्यावर अवलंबून असतो. हे अवलंबित्व न तपासता काढलेला निष्कर्ष सपशेल चुकू शकतो. ते तपासण्यासाठी संख्याशास्त्रात गेल्या शंभर वर्षांत अनेक चाचण्या तयार झाल्या. त्या नेमके काय मोजतात, कुठे फसतात आणि त्यांच्या इतिहासाचा एक धागा भारताच्या पावसापर्यंत कसा येतो, याविषयी…

सीरियल कोरिलेशन म्हणजे काय?

ठरावीक अंतराने, क्रमाने नोंदलेल्या आकड्यांच्या मालिकेला ‘कालश्रेणी’ किंवा ‘टाइम सीरिज’ म्हणतात. या मालिकेतील एक आकडा आणि त्याच मालिकेतील आधीचा आकडा यांच्यातील नाते म्हणजे ‘सीरियल कोरिलेशन’, अर्थात क्रमिक सहसंबंध.

नाणे शंभर वेळा उडवले, तर पंचविसाव्या फेकीला काय पडले याचा सव्विसाव्या फेकीशी काही संबंध नसतो. हवामानाचे तसे नाही. एप्रिलमध्ये नागपूरचा पारा काल ४३ अंशांवर असेल, तर आज तो २६ अंशांवर येईल असे कुणी म्हणणार नाही. कोयना धरण काल ८० टक्के भरलेले असेल, तर आज ते २० टक्क्यांवर नसते. म्हणजेच आजची नोंद पूर्णपणे नवी नसते. तिच्यात कालचा बराचसा भाग आलेला असतो.

हे नाते -१ ते +१ या पट्टीवर मोजतात. शून्याच्या आसपास असेल तर कालचा आजशी थेट संबंध दिसत नाही. +१ च्या जवळ असेल तर आजचा आकडा कालच्याच वाटेने जातो. उणे असेल तर काल वर गेलेला आकडा आज खाली येण्याकडे कल असतो. कालशी तुलना केली तर ‘लॅग १’, आठवड्यापूर्वीच्या दिवसाशी केली तर ‘लॅग ७’.

शंभर नोंदी पाचच कशा ठरतात?

नोंदी जितक्या जास्त तितका निष्कर्ष पक्का, हे शाळेपासून मनावर ठसलेले असते. त्यामागे एक अट दडलेली आहे. प्रत्येक नोंद स्वतंत्र हवी. एकाच घरातील दहा जणांना विचारून ‘गावाचे मत’ ठरवता येत नाही, तसेच हे आहे.

कालश्रेणीची सरासरी काढताना एक सोपे सूत्र उपयोगी पडते. लॅग १ चा सहसंबंध ‘र’ असेल आणि पुढच्या दिवसांचे नाते त्याच प्रमाणात विरत जात असेल, तर एकूण नोंदींना (१ - र) भागिले (१ + र) ने गुणायचे. येणारे उत्तर म्हणजे खऱ्या अर्थाने स्वतंत्र नोंदी किती, याचा अंदाज. ‘र’ ०.५ असेल तर ९० नोंदींची किंमत ३० नोंदींइतकी होते. ‘र’ ०.९ असेल तर १०० नोंदींचे मोल जेमतेम पाच नोंदींइतके उरते.

संगणकाला मात्र हे आपोआप कळत नाही. साधे सूत्र घातले की तो शंभर नोंदी शंभरच धरतो, संभाव्य चूक कमी दाखवतो आणि योगायोगालाही ‘लक्षणीय’ असा शिक्का मारतो. खरा धोका इथे आहे. आकडे खोटे नसतात, गणितही चुकलेले नसते. चुकतो तो निष्कर्षावरचा भरवसा.

हे नाते येते कुठून?

कधी ते निसर्गातच असते. समुद्राचे पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. कधी आपण मोजायचे राहून गेलेले एखादे कारण त्यामागे असते. विजेच्या मागणीचा अंदाज बांधताना तापमान लक्षातच घेतले नाही, तर उष्णतेच्या लाटेत सलग आठ दिवस अंदाज कमीच पडेल.

आणि कधी आपणच ते तयार करतो. करोनाकाळात रुग्णसंख्येचा ‘सात दिवसांच्या सरासरी’चा आलेख घरोघरी पोहोचला. सलग दोन दिवसांच्या अशा सरासऱ्यांत सातपैकी सहा दिवस सामाईक असतात. त्यामुळे रोजचे मूळ आकडे एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असले, तरी सरासऱ्यांमध्ये लॅग १ चा सहसंबंध सहा सप्तमांश, म्हणजे सुमारे ०.८६ इतका येतो. आलेख गुळगुळीत आणि डोळ्यांना सुखद दिसतो, पण त्यातील प्रत्येक बिंदू हा नवा पुरावा नसतो.

चर्चमधील लग्ने आणि मृत्युदर यांचा काय संबंध?

या धोक्याचे सर्वात गाजलेले उदाहरण १९२६ मधले आहे. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज उडनी यूल यांनी रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या अध्यक्षीय भाषणात दोन मालिका शेजारी ठेवल्या. इंग्लंड-वेल्समधील एकूण लग्नांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागलेल्या लग्नांचे प्रमाण ही पहिली. तिथलाच मृत्युदर ही दुसरी. काळ १८६६ ते १९११. दोन्हींमधील सहसंबंध निघाला ०.९५१२.

मग चर्चमधील लग्ने कमी झाली म्हणून लोक जास्त जगू लागले का? अर्थातच नाही. दोन्ही आकडे आपापल्या कारणांनी वर्षानुवर्षे सावकाश घसरत होते, एवढेच. यूल यांचा मुद्दा त्याच्याही पुढचा होता. ज्या मालिकांत आजचा आकडा कालच्याला धरून चालतो, त्यांचे छोटे तुकडे घेऊन तुलना केली, तर मूळ संबंध काहीच नसतानाही +१ किंवा -१ च्या जवळचे सहसंबंध सहज निघू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. अशा नात्यांना त्यांनी सरळ ‘निरर्थक सहसंबंध’ म्हटले.

१९७४ मध्ये क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी हाच धोका संगणकावर तपासला. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या, पण प्रत्येक पाऊल आधीच्या जागेवरून टाकणाऱ्या मालिकांच्या जोड्या त्यांनी तयार केल्या आणि नेहमीची चाचणी लावली. पाच टक्के वेळाच चुकायला हवी अशी ती चाचणी जवळपास तीन चतुर्थांश वेळा ‘संबंध आहे’ असे सांगत राहिली. ग्रेंजर यांना पुढे २००३ मध्ये कालश्रेणींवरील कामासाठी अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

या गोष्टीचा भारताशी संबंध काय?

यूल यांनी १९२७ मध्ये सूर्यावरील डागांच्या नोंदी हाताळल्या. हे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात आणि कमी होतात, पण हे चक्र घड्याळासारखे काटेकोर नाही. यूल यांनी त्यासाठी एक कल्पना मांडली. खोलीत एक लंबक हलतो आहे आणि काही मुले त्याच्यावर कधी या बाजूने, तर कधी त्या बाजूने वाटाणे मारत आहेत. लंबकाची पुढची जागा त्याच्या आधीच्या जागांवर ठरते, पण प्रत्येक वाटाण्याचा धक्काही त्यात मिसळतो. ‘आजचा आकडा म्हणजे कालच्या आणि परवाच्या आकड्यांचा काही अंश अधिक एक नवा धक्का’ हे आजच्या अनेक अंदाज-पद्धतींचे मूळ सूत्र तिथून आले.

ते सूत्र पुढे नेणाऱ्या सर गिल्बर्ट वॉकर यांची कारकीर्द भारतात घडली. केंब्रिजचे हे गणितज्ञ १९०४ मध्ये भारतातील वेधशाळांचे महासंचालक झाले. १८९९ च्या भीषण दुष्काळाच्या आठवणी ताज्या होत्या आणि पुढच्या मोसमात पाऊस कसा पडेल, हा प्रश्न सरकारसाठी जिव्हाळ्याचा होता. वॉकर यांनी जगभरातील हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांच्या नोंदींत सहसंबंध शोधण्याचे प्रचंड काम हाती घेतले. त्यातूनच ‘सदर्न ऑसिलेशन’ ही संकल्पना पुढे आली. एल निनोच्या बातम्यांत आज तिचा उल्लेख हमखास असतो.

अशा शोधात फसगत कशी होते, याचीही वॉकर यांना जाणीव होती. शेकडो सहसंबंध काढले तर त्यांतील सर्वात मोठा केवळ योगायोगानेही भारदस्त दिसतो, असा इशारा त्यांनी १९१४ मध्येच दिला होता. निवृत्तीनंतर १९३१ मध्ये त्यांनी यूल यांची पद्धत कितीही मागच्या नोंदींसाठी लागू होईल अशी विस्तारली आणि ऑस्ट्रेलियातील पोर्ट डार्विन येथील हवेच्या दाबाच्या नोंदींवर वापरली. मालिकेचे स्वतःच्या भूतकाळाशी असलेले नाते आणि अंदाजाचे सूत्र यांना जोडणारी ही समीकरणे आज ‘यूल-वॉकर समीकरणे’ म्हणून शिकवली जातात.

वॉकर यांच्या काळात हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्यात होते. ते १९२८ मध्ये पुण्यात आले. शिवाजीनगरची ती इमारत आणि तिच्याजवळचा चौक आजही पुणेकरांच्या तोंडी ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच आहे.

डर्बिन-वॉटसन चाचणी कशी चालते?

नाते डोळ्यांना दिसते, पण ते योगायोगापेक्षा जास्त आहे हे ठरवायला चाचणी लागते. जेम्स डर्बिन आणि जेफ्री वॉटसन यांनी १९५० आणि १९५१ मध्ये मांडलेली चाचणी त्यांत सर्वाधिक परिचित आहे. ती मूळ आकड्यांवर नव्हे, तर अंदाजातील चुकांवर चालते. अंदाज चांगला असेल तर चुका कुठल्याही शिस्तीविना विखुरलेल्या असाव्यात. चुकांमध्येच शिस्त दिसली, तर अंदाजातून काहीतरी निसटले आहे असे समजायचे.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शहराच्या वीजमागणीचा अंदाज आठ दिवस पुढीलप्रमाणे चुकला, मेगावॉटमध्ये : +३, +२, +२, +१, -१, -२, -२, -३.

पायरी पहिली : प्रत्येक चुकीचा वर्ग करून बेरीज. ९ + ४ + ४ + १ + १ + ४ + ४ + ९ = ३६.

पायरी दुसरी : लागोपाठच्या दोन चुकांमधील फरक काढून त्यांच्या वर्गांची बेरीज. १ + ० + १ + ४ + १ + ० + १ = ८.

पायरी तिसरी : ८ भागिले ३६ म्हणजे ०.२२.

हा आकडा ० ते ४ च्या दरम्यान असतो. २ च्या आसपास आला तर लागोपाठच्या चुकांत नाते नाही असे समजतात. शून्याकडे झुकला तर चुका एकमेकींचा माग धरून चालल्या आहेत, ४ कडे झुकला तर त्या आलटूनपालटून उलट दिशेला जात आहेत. आपले ०.२२ धोक्याची घंटा वाजवते.

आता याच आठ चुका वेगळ्या क्रमाने लावू : +३, -१, +२, +२, -३, -२, +१, -२. वर्गांची बेरीज तीच, ३६. फरकांच्या वर्गांची बेरीज मात्र ६९. उत्तर १.९२. आणखी एका क्रमाने : +३, -२, +२, -३, +१, -१, +२, -२. इथे फरकांची बेरीज १११ आणि उत्तर ३.०८.

आकडे तेच, सरासरी तीच, चढउतारही तेवढेच. बदलला तो फक्त क्रम. या चाचणीचे सारे लक्ष त्या क्रमावर असते. प्रत्यक्षात आठ नोंदींवर निकाल देत नाहीत. नोंदींची संख्या आणि अंदाजात वापरलेल्या घटकांची संख्या पाहून तक्त्यातील दोन मर्यादांशी तुलना करतात. उत्तर दोन्ही मर्यादांच्या मध्ये पडले तर चाचणी कौल देत नाही.

फक्त कालच का? आठवड्यापूर्वीचे काय?

डर्बिन-वॉटसन फक्त लॅग १ पाहते. पण रविवारी कारखाने बंद असल्याने मागणी दर सात दिवसांनी घसरत असेल, तर ते तिच्या नजरेतून सुटू शकते. म्हणून अनेक लॅग एकत्र तपासणाऱ्या चाचण्या आल्या. १९७० मध्ये जॉर्ज बॉक्स आणि डेव्हिड पिअर्स यांनी अशी चाचणी मांडली. १९७८ मध्ये ग्रेटा ल्युंग आणि बॉक्स यांनी तिच्यात सुधारणा केली. प्रत्येक लॅगच्या सहसंबंधाचा वर्ग करून, योग्य वजन देऊन त्यांची बेरीज करायची, असे तिचे सूत्र आहे. बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, तर ‘कोणतेच नाते नाही’ हे गृहीतक फेटाळले जाते.

इथेही तपासणाऱ्याच्या निवडीला महत्त्व आहे. समजा, १०० दिवसांच्या नोंदींत फक्त लॅग ७ ला ०.४ इतके नाते आहे आणि बाकी सगळीकडे शून्य. ल्युंग-बॉक्स सूत्राने बेरीज येते साधारण १७.५. सात लॅग तपासायचे ठरवले तर पाच टक्के पातळीवर मर्यादा १४.०७ आहे, म्हणजे नाते पकडले जाते. पण तेच वीस लॅग तपासायचे ठरवले तर मर्यादा ३१.४१ वर जाते आणि तेच नाते निसटते. त्यामुळे किती लॅग पाहायचे, हे निकाल बघून नव्हे, तर आधी विचार करून ठरवायचे असते. रोजच्या नोंदी असतील तर सात, महिन्याच्या असतील तर बारा हा आकडा विसरून चालत नाही.

चाचणी कुठे फसते?

पहिली मर्यादा : अंदाजाच्या सूत्रात कालचाच आकडा एक घटक म्हणून वापरला असेल, तर डर्बिन-वॉटसनचे उत्तर २ कडे ओढले जाते आणि दोष झाकला जातो. अशा वेळी १९७८ मध्ये ट्रेव्हर ब्रॉइश आणि लेस्ली गॉडफ्रे यांनी स्वतंत्रपणे मांडलेली ब्रॉइश-गॉडफ्रे चाचणी वापरतात.

दुसरी मर्यादा : वीस लॅग एकेक करून तपासले, तर पाच टक्क्यांच्या हिशेबाने त्यांतील एखादा निव्वळ योगायोगाने मर्यादा ओलांडतो. आलेखावर एक काडी उंच दिसली म्हणून शोध लागला असे होत नाही.

तिसरी मर्यादा सर्वात जास्त दुर्लक्षित आहे. चाचणीत नाते सापडले नाही, याचा अर्थ नाते नाही असा होत नाही. नोंदी मोजक्याच असतील तर खरे नातेही हाती लागत नाही.

आपल्या पैशाशी याचा संबंध आहे का?

आहे. गुंतवणुकीची जोखीम सांगताना महिन्याच्या चढउताराला १२ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३.४६ ने गुणून वर्षाची जोखीम काढण्याचा प्रघात आहे. पण एका महिन्याच्या परताव्याचा पुढच्या महिन्याशी संबंध नसेल, तरच हा हिशेब बरोबर असतो.

ज्या मालमत्तेची खरेदी-विक्री क्वचित होते, तिची किंमत अनेकदा अंदाजानेच लावली जाते. समजा, प्रत्यक्षात एका महिन्यात ६ टक्के घट झाली, पण कागदावर ती तीन महिन्यांत २-२-२ टक्के अशी उतरली. आलेख शांत दिसतो, जोखीम कमी भासते, तोटा मात्र तेवढाच असतो. मिला गेट्मन्स्की, अँड्र्यू लो आणि इगॉर माकारोव यांनी २००४ मध्ये हेज फंडांच्या परताव्यांचा अभ्यास करून, त्यांतील क्रमिक सहसंबंधामागे अशी सहज न विकता येणारी मालमत्ता आणि गुळगुळीत केलेले आकडे असू शकतात, असे दाखवले. कुठल्याही योजनेचा परतावा दर महिन्याला संशयास्पदरीत्या एकसारखा दिसत असेल, तर विचारण्याजोगा पहिला प्रश्न हाच आहे.

दोष सापडला तर पुढे काय?

आकडे फेकून द्यायचे नसतात. आधी निसटलेले कारण शोधायचे : तापमान, आठवड्याचा वार, सण, हंगाम. दुसरा मार्ग म्हणजे मूळ आकड्यांऐवजी रोजचा बदल पाहायचा. सावकाश चढणाऱ्या दोन मालिकांचे नाते खरे नसेल, तर रोजच्या बदलांत ते सहसा विरून जाते. तिसरा मार्ग, नाते मान्य करून संभाव्य चूक नव्याने मोजायची. त्यासाठी व्हिटनी न्यूई आणि केनेथ वेस्ट यांची १९८७ ची पद्धत आजही सर्रास वापरली जाते.

आणि हे नाते म्हणजे नेहमी दोषच असतो असेही नाही. उद्याच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो, त्यात आजच्या तापमानाचा मोठा वाटा असतो. अंदाज बांधणाऱ्यासाठी तीच पुंजी आहे. पुरावे मोजणाऱ्याने मात्र तिला नवा पुरावा समजू नये.

वाचकांनी काय पाहावे?

एकत्र चढणारे दोन आलेख समोर आले तर तीन प्रश्न विचारावेत. एक, दोन्ही गोष्टी नुसत्या काळाबरोबर वाढत किंवा घटत आहेत का? दोन, दाखवलेले आकडे मूळ आहेत की सरासरी काढून गुळगुळीत केलेले? तीन, मूळ आकड्यांऐवजी दिवसागणिक किंवा वर्षागणिक होणारा बदल घेतला, तर नाते टिकते का? पहिल्या दोन प्रश्नांसाठी गणिताची गरज नाही. तिसऱ्यासाठी मोबाइलमधील साधी स्प्रेडशीट पुरते : एका रकान्यातील प्रत्येक आकड्यातून आधीचा आकडा वजा करायचा आणि आलेख पुन्हा काढायचा. चर्चमधील लग्ने आणि मृत्युदर यांच्यासारखी अनेक नाती एवढ्या एका वजाबाकीतच उघडी पडतात.